सांगड : भोपळ्यापासून फुग्यापर्यंत



दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता लेकीकडे न्यू जर्सीला तीन महिने राहून आलो. म्हातारी लेकीकडे जाते आणि भोपळ्यात बसून परत येते, ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. आमच्या बाबतीत जाणे-येणे विमानाने झाले, पण भोपळ्याची आठवण मात्र तिथे गेल्यावरच झाली. आजचा विषय त्यातूनच निघाला. तत्त्वज्ञानाच्या माणसाने हा विषय घ्यावा का, असे संयोजकांनी फोनवर विचारले होते. आम्ही म्हटले, घेऊन तर बघू.

झाले असे की तिथल्या शाळांना जूनच्या अखेरीला सुट्टी लागली. लेक राहते त्या वसाहतीत पोहण्याचा तलाव आहे. नात पाच वर्षांची. तिला पाण्यात खेळायला काहीतरी घ्यायचे म्हणून आम्ही दुकानात गेलो. एक अख्खी भिंत याच वस्तूंची. फुगवायचे बदक, मगर, डोनटसारखे कडे, दंडात घालायचे फुगे, छातीला बांधायचे जाकीट. आमच्या वयाच्या माणसाला एक खोड असते, किंमत दिसली की मनातल्या मनात रुपये करायचे. बदकाचे रुपये केले आणि बदक जागेवर ठेवले. जाकीट वीस-पंचवीस डॉलरचे. शेवटी कोपऱ्यात फोमच्या लांब, पोकळ, रंगीत नळ्या दिसल्या. त्यांना तिकडे 'नूडल' म्हणतात. दीड-दोन डॉलरला एक. त्या दोन घेतल्या आणि दंडावरचे फुगेही घेतले. स्वस्तात काम झाले म्हणून आम्ही खूश.

घरी येऊन फुग्यांवरचा बारीक मजकूर वाचला. हे जीवरक्षक साधन नाही, मुलावर सतत लक्ष ठेवा, अशी सूचना. जाकिटावर मात्र तिथल्या तटरक्षक दलाची मान्यता छापलेली असते. म्हणजे एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी, दोन वेगळ्या जातीच्या वस्तू टांगलेल्या. एक खेळणे आणि दुसरे जीव वाचवणारे. घेणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

चार दिवस नात फुगे घालून पाण्यात मजेत तरंगली. पाचव्या दिवशी आम्ही खुर्ची सरकवत होतो, तेवढ्यात तिने फुगे न घालताच उडी मारली. तिच्या दृष्टीने तिला पोहता येत होतेच की! काठावरच्या जीवरक्षक पोरीने शिट्टी वाजवत उडी घेतली आणि तिला वर काढले. काही झाले नाही, दोन घोट पाणी प्यायली इतकेच. पण त्या रात्री आम्हाला झोप नाही. सारखी नाना आणि त्यांचा भोपळा डोळ्यांपुढे येत होता.

नाना म्हणजे आमचे चुलते. आमचे गाव नेवासे तालुक्यात, प्रवरेच्या अंगाला. आमच्या गावात १९६० च्या सुमाराला पोहायला शिकायचे म्हणजे विहिरीत शिकायचे. आणि पाठीवर भोपळा.

आता नेवाशाचे नाव निघाले म्हणजे ज्ञानेश्वरी आलीच. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ती तिथे सांगितली गेली, हे इथे नव्याने सांगायला नको. अनेक वर्षे आम्ही ती वर्गात शिकवली, पण पोहणाऱ्याच्या नजरेने वाचली ती न्यू जर्सीहून परत आल्यावर. सातव्या अध्यायात मायानदीचे मोठे रूपक आहे. ती नदी तरून जाण्यासाठी लोक काय काय करतात, याची यादीच तिथे दिली आहे. कोणी स्वतःच्या बुद्धीच्या बाहूंवर विसंबून शिरतो आणि त्याचा पत्ताच लागत नाही. कोणी तिन्ही वेदांच्या सांगडी बांधतो, पण बरोबर अहंकाराचे धोंडे घेतो आणि मदरूपी माशाच्या तोंडात जातो. बाराव्या अध्यायात तर भगवंत स्वतःच भक्तांना संसारसागराच्या पार नेतात. एकट्या माणसांना ते ध्यानाच्या कासेला लावतात, बायकापोरे असलेल्यांना नावेत घालतात आणि कोणा एकाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून त्याला काठावर आणतात.

अर्थ काय, ते तुम्हाला कीर्तनकार आमच्यापेक्षा चांगले सांगतील. आम्हाला इतिहासाचा पुरावा म्हणून त्यात रस आहे. सांगड, कास, नाव, पोटाला बांधायची पेटी. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठावर बसलेल्या श्रोत्यांना ही साधने समजावून सांगावी लागली नाहीत. ती त्यांच्या रोजच्या पाहण्यातली असणार, एरवी रूपक चालले नसते. आणखी एक बारकावा पाहा. पेटी पोटाला बांधली आहे, पाठीला नाही. पाठीला तरंगणारी वस्तू बांधली तर हातपाय मारणारा माणूस पालथा पोहू शकतो, पण दमला की त्याचे तोंड पाण्यात जाते. पोटाला, छातीला बांधली की दमलेला माणूस उताणा होतो आणि नाक वर राहते. आजची मान्यताप्राप्त जाकिटे याच तत्त्वावर बनतात. ज्ञानदेवांना हे अभिप्रेत होते असा आमचा दावा नाही. पण ज्याला स्वतः पोहायचे नाही, केवळ पार जायचे आहे, त्याच्या पोटालाच पेटी हवी, एवढे खरे.

'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आज आपण कुठेही करतो. शिक्षण आणि रोजगार यांची सांगड, परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड. भाषणात तर फारच. पण मोल्सवर्थचा कोश उघडा. सांगड म्हणजे एकत्र बांधलेल्या दोन होड्या, तसेच पोहण्यासाठी जोडलेले भोपळे. दोन भोपळे, मधे दोरी, दोरीवर छाती. एक भोपळा कुशीखालून निसटतो, गरगर फिरतो आणि माणसाला कलंडवतो. दोन बांधले की एकमेकांना धरून राहतात.

नाना आधी सांगड द्यायचे. भोपळा घरचाच, परसात लावलेला. तो कडू जातीचा, कारण गोड जातीचा कोवळेपणीच भाजीला जातो, पिकून कडक होईपर्यंत वेलावर राहतो कुठला? पावसाच्या तोंडाला बी लावले की थंडीत वेल वाळतो आणि फळ देठासकट उतरवून आढ्याला टांगतात. उन्हाळ्यापर्यंत आतला गर सुकून जातो. हलवले की बिया खुळखुळतात. मग त्याच्याभोवती सुतळीचे जाळे विणायचे, बस. खर्च शून्य. देठ मात्र शाबूत हवा, नाहीतर तिथून पाणी शिरते. दोन-अडीच लिटरचा भोपळा दोन-अडीच किलो भार उचलतो. पोराला तेवढे पुष्कळ होते, कारण माणसाचे शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतेच. बुडते ते डोके वर काढण्याच्या धडपडीत.

शिकवण्याचा क्रम असा. आठवडाभर सांगड. मग एकच भोपळा, काखेखालून दोरी घेऊन पाठीला. मग त्याहून लहान भोपळा. नाना सबंध वेळ पाण्यात, एक हात आमच्या हनुवटीखाली, पुढे पुढे तोही नाही. एके दिवशी दुपारी आम्ही विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोनदा जाऊन आलो आणि पायरीला धरून धापा टाकत बसलो. नानांनी पाठीवरचा भोपळा सोडला आणि आमच्या पुढ्यात उपडा केला. त्यातून भळभळ पाणी पडले. त्यांनी सकाळीच त्याला खिळ्याने भोक पाडून ठेवले होते! आम्ही पाण्याने भरलेला भोपळा पाठीवर घेऊन पोहलो होतो. नंतरच्या साऱ्या करामती, म्हणजे मुटका मारणे, थारोळ्यावरून सूर मारणे, बुडी घेऊन तळाचा गाळ आणून दाखवणे, या दुपारनंतरच्या.

न्यू जर्सीतल्या त्या रात्री आम्ही या दोन भ्रमांचा विचार करत होतो. तत्त्वज्ञानात भ्रमाचे दाखले रज्जू आणि सर्प, शिंपला आणि रुपे असे असतात. आम्ही ते आयुष्यभर शिकवले. नातीचा भ्रम असा की फुगा जे करत होता ते आपणच करतो आहोत. आमचा भ्रम असा की आपण जे करत होतो ते भोपळा करतो आहे. पहिला भ्रम बुडवतो, दुसरा तारतो. पण खरा फरक भ्रमात नव्हता. नाना हाताच्या अंतरावर पाण्यात होते आणि आम्ही खुर्ची सरकवत होतो.

भोपळ्याविषयी आणखी एक गंमत सांगतो, थोडे विषयांतर झाले तरी चालेल. हे फळ मूळचे आफ्रिकेतले. पण युरोपीय जहाजे पोहोचण्याच्या हजारो वर्षे आधी ते अमेरिकेत होते. संशोधकांनी वाळलेले भोपळे कित्येक महिने समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिले, नंतरही आतले बी उगवले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही तेच सुचवले, की भोपळा अटलांटिक महासागर तरंगत ओलांडून गेला असावा. म्हणजे आमच्या आधी भोपळाच पोहत पोहत परदेशी गेला, तोही बिनतिकिटाचा.

ज्या प्रदेशात भोपळा नव्हता तिथे कातडे होते. इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातली, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांपैकी एकात नदी ओलांडणारे सैनिक पोटाशी फुगवलेली कातडी धरून पोहताना, पोहता पोहता त्यांत हवा फुंकताना दिसतात. पोटाशी, लक्षात घ्या.

आणि दंडावरचे फुगे? त्यांची हकिगत आम्ही परत आल्यावर वाचली. हॅम्बुर्गच्या बर्नहार्ड मार्कविट्झ यांची लहान मुलगी १९५० च्या दशकात पाण्यात पडून बुडता बुडता वाचली. त्या बापाने मग खटपट करून हे फुगे बनवले. म्हणजे ज्याला आम्ही खेळणे समजून स्वस्तात घेतले, त्याच्या मुळाशी एका बापाची भीती होती. ती भीती दुकानाच्या भिंतीवर पोहोचेपर्यंत रंगीत झाली.

पाण्याचे खेळणे आपल्या जिल्ह्यात एकदा फार मोठे झाले होते. नगर शहराच्या आग्नेयेला फराहबाग आहे, पाहिली नसेल तर पाहा. सोळाव्या शतकातला निजामशाही महाल, चारी बाजूंनी तलाव आणि मधे इमारत. दूरवरून खापरी नळांनी पाणी खेळवण्यात निजामशाहीचे कारागीर तरबेज होते. दरबारात तेव्हा इराणातून आलेली पुष्कळ मंडळी होती. इतिहासकार फिरिश्ता हा अस्त्राबादचा. तो लहानपणी बापाबरोबर नगरला आला, बाप राजपुत्राला फारसी शिकवायला नेमलेला. परदेशी राहणाऱ्या घरातले पोर, आमच्या नातीसारखेच. हौदाकाठच्या बागा ही इराणी मंडळींची मायदेशाची आठवण. पण ते सारे पाहण्याचे पाणी, आणि फार महागडे. आज तलाव कोरडा आहे.

पोहण्याचे पाणी विहिरीत. आणि इथे आम्हाला थोडे थांबावे लागते.

भोपळा फुकट होता असे आम्ही आताच म्हणालो. पण नुसता भोपळा घेऊन काय करणार, विहीर नको का? विहीर आमच्या भावकीची होती. तिच्यात गावातली बरीच मुले शिकली. महारवाड्यातले एकही शिकले नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. पुढे संविधान आले, अस्पृश्यता गुन्हा ठरली. आमच्या विहिरीच्या पायऱ्यांवर मात्र यांतले काहीच उतरले नव्हते. कोणी 'येऊ नका' अशी पाटी लावली नव्हती, तिची गरजच नव्हती. आमच्या वर्गात त्या वस्तीतला एक मुलगा होता. गणितात आमच्या पुढे. चौथीच्या सुट्टीत तो नदीच्या डोहात बुडाला. बरोबरची मुले त्याच्याएवढीच, शिकवणारे कोणी नाही, पाठीला काही नाही. त्याच आठवड्यात आमच्या पडवीत तीन भोपळे टांगलेले होते. नाना भला माणूस. त्यांनी हळहळ केली, दोन दिवस विहिरीवर आले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी आले आणि पूर्वीच्याच पोरांना शिकवू लागले. आम्हीही त्यांत होतो, आणि आम्ही विचारले नाही.

मुलींचेही तेच. आमच्या बहिणीने विहिरीतून जेवढे पाणी ओढले तेवढ्यात आम्ही पोहलो नसू. पण ती कधी पाण्यात उतरली नाही. बाईचा आणि विहिरीचा संबंध आपल्याकडे बहुधा फक्त दोन प्रकारे सांगितला जातो, एक पाणी भरणे, आणि दुसरा तुम्हाला ठाऊक आहे.

पुढचा इतिहास लवकर सांगतो. भोपळ्याच्या बरोबरीने रॉकेलचा डबा आला. अठरा लिटरचा चौकोनी पत्र्याचा डबा. रिकामा झाला की तोंड झाळून घ्यायचे आणि दोरीने पाठीला बांधायचे. तो भोपळ्याच्या सहा-सातपट भार उचलतो, म्हणून लोकांना बरा वाटायचा. पण त्याच्या कडा अंगाला लागत, दोरीचे वळ उठत. शिवाय झाळलेल्या जागी गंज धरला की डबा मधेच पाणी पिऊ लागे. नाना डब्याला भीत. म्हणायचे, भोपळा हळूहळू दगा देतो, डबा एकदम देतो. मग ट्रकची ट्यूब आली. ठिगळे लावलेली, पंक्चरवाल्याकडून चार-आठ आण्यांत मिळणारी, पाठीला तोटी खरवडणारी. ट्यूबमध्ये चार पोरे लोंबकळत, त्यामुळे शिकवण्याचे काम थांबले आणि खेळ वाढला. आता गाड्यांचे टायर ट्यूबलेस होत चालले, जुनी ट्यूबही मिळेनाशी झाली.

पाणीही बदलले. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, उत्तरेच्या तालुक्यांत कालवे खळाळू लागले आणि पोरे आवर्तनाच्या पाण्यात पोहू लागली. कालव्याचे पाणी ओढ घेते, विहिरीचे घेत नाही. १९७२ च्या दुष्काळात विहिरींचे तळ दिसले. त्यानंतर विहिरी खोल गेल्या आणि बोअर आले. बोअरमध्ये पोहायला शिकता येत नाही. पोहता येणारा गाव एका पिढीत पोहता न येणारा झाला, तो असा. कोणी ठरवून केले नाही.

आणि मग शेततळी आली. आपल्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात त्यांनी फळबागा जगवल्या, हे आम्ही मान्य करतो. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर ती आणखी वाढली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, आणि पाणी मुरू नये म्हणून आत प्लास्टिकचा कागद. या कागदावर शेवाळ धरले की पाय ठरत नाही. उतार असा, की पडलेला माणूस काठापासून दोन हातांवर असतो आणि वर येऊ शकत नाही. पोहणारासुद्धा येऊ शकत नाही, त्याचे पोहणे संपते ते दमण्याने. एक पडला की दुसरा वाचवायला उतरतो आणि तोही आतच राहतो. वर्तमानपत्रातल्या अशा बातम्या तुम्हीही वाचता. त्यांत लहान भावंडे असतात, बापलेक असतात.

याच जिल्ह्यातल्या चोंडीला १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या नावाने आज जिल्हा ओळखला जातो. त्यांनी देशभर घाट बांधले, बारवा बांधल्या. बारव म्हणजे काय? पायऱ्यांची विहीर. उतरायला पायऱ्या, म्हणजे पडलेल्याला वर यायलाही पायऱ्या. आमच्या भावकीच्या साध्या विहिरीलासुद्धा दगडी पायऱ्या होत्या, चुकीच्या माणसांना बंद होत्या तरी. शेततळ्याला पायरी नसते. तिथे काठावर एक खुंटी, खुंटीला गाठी मारलेला दोर, दोराला एक जुनी ट्यूब किंवा बूच घट्ट लावलेले रिकामे कॅन, एवढे हवे. तारेचे कुंपण जमले तर उत्तम. पण हा दोर तरी आजच्या आज होण्यासारखा आहे. शे-दोनशे रुपयांत होतो, फळबागेच्या एका फवारणीपेक्षा स्वस्तात. आमच्या पुतण्याच्या शेततळ्यावर आम्ही स्वतः उभे राहून तो बांधून घेतला. तो म्हणाला, "काका, इथं कोण पोहायला येतंय?" आम्ही म्हटले, पोहणाऱ्यासाठी नव्हेच तो.

नातीचे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही फुगे कपाटात टाकले आणि आमच्या वयाला न शोभणारी चड्डी विकत घेऊन पाण्यात उतरलो. तिथल्या तलावात घरगुती साधन चालत नाही. भोपळा मिळाला असता तरी त्या शिट्टीवाल्या पोरीने आत येऊ दिला नसता, आणि तिचे बरोबरच होते. म्हणून नूडलवर काम भागवले. दोन नूडल काखेखालून घेतल्या की सांगडच होते. मग एक. मग लेकीने स्वयंपाकघरातल्या सुरीने दर तीन-चार दिवसांनी त्या नळीचा वीतभर तुकडा कापायचा. ऑगस्टच्या मध्यावर नातीच्या मुठीत बांगडीएवढे फोमचे कडे उरले होते. ते धरून ती तलावाची रुंदी पार करायची, आणि आम्ही तिच्यामागे पाण्यात, छातीत धाप लागलेले. ते कडे तिने अजून ठेवले आहे म्हणे.

असो. दाराजवळच्या टेबलावर कागदाच्या पुड्या ठेवल्या आहेत. पुतण्याच्या परसातल्या भोपळ्याचे बी आहे, एकेका पुडीत पाच. ज्यांना हवे त्यांनी घेऊन जा, मृगाच्या सुमाराला कुंपणाच्या कडेला लावा. वेल मोठा पसरतो, मांडव किंवा झाड हवे. आणि जात कडू आहे, कोवळे दिसले म्हणून भाजीला घेऊ नका, पोट बिघडेल. घरात सांगून ठेवा.